मदत हवी आहे: नवी गाडी, पण एक दार पुन्हा रंगवलेलं. वॅक्स कधी करू?

नमस्कार मंडळी, पाडव्याला गाडी घेतली, गडद निळी. मुक्काम रत्नागिरीत, त्यामुळे खारी हवा आणि वरून आंब्याचा चीक. पावसाळ्याआधी वॅक्सचा एक हात फिरवायचाच आहे.

कंपनीच्या रंगाची काळजी नाही. तो कारखान्यात साधारण १४० अंशांवर भट्टीत भाजून पक्का होतो, गाडी हातात येते तेव्हा वॅक्सला तयारच असते. अडचण डाव्या मागच्या दाराची आहे. एका दुचाकीचं हँडल घासलं, म्हणून ते गॅरेजमध्ये रंगवून घेतलं. तिथे बूथ (रंगकामाची बंदिस्त, गरम करता येणारी खोली) नाही, रंग उघड्यावरच वाळवला. हाताला कोरडा लागतो, पण उन्हात जवळ गेलं की अजून थिनरचा वास येतो आणि रबराच्या पट्टीशेजारी नख दाबलं तर बारीक खूण उठते. म्हणजे आतलं सॉल्व्हंट (रंग पातळ करणारं द्रव) अजून उडतंय आणि वर थर चढवला तर ते आत अडकेल, असं मी धरतो.

पेंटर म्हणतो महिनाभर थांबा. वाचनात ३० ते ९० दिवस आलं. डिटेलिंगवाला (गाडीची सफाई-पॉलिश करणारा) मात्र लगेच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वॅक्सपेक्षा टिकाऊ असा संरक्षक थर, करू म्हणतोय, ते मला अजिबात पटत नाही.

दमट हवेत रंग पक्का व्हायला जास्त वेळ लागतो का? वास आणि नखाची खूण गेली की वॅक्स करावं, की पूर्ण ९० दिवस मोजावेत? तोवर चीक पडला तर साध्या पाण्याने आणि मऊ मायक्रोफायबरने पुसणं पुरेसं आहे का? गाडीरंगाचं काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, पाऊस तोंडावर आलाय.