मदत हवी आहे: पलुसकर स्वरलिपीतल्या अवग्रहाची (ऽ, स्वर लांबवायची खूण) मात्रा किती धरायची?

पेटीवर भूप रागातली, तीनतालातली एक गत (वाद्यावर वाजवायची रचना) बसवतेय. हाताशी जुन्या पुस्तकाची झेरॉक्स आहे, मूळ प्रत नाही. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) 1 आणि 'खाली'च्या (टाळी न देण्याच्या) मात्रेवर + छापलंय, म्हणजे लिपी पलुसकरांची. मला सवय दुसऱ्या, भातखंडे लिपीची, तिच्यात वरचा टिंब तारसप्तकाचा; पण इथे वरचा टिंब मंद्राचा (खालच्या सप्तकाचा) आणि वरची उभी रेघ तारसप्तकाची, हे आता डोळ्यांना सवयीचं झालंय (सुरुवातीला फार वैताग आला!). स्वराखालची आडवी रेघ एक मात्रा, शून्य अर्धी, अर्धचंद्र पाव, हेही जमतं.

अडतंय ते अवग्रहापाशी. पहिल्या ओळीत 'ग रे ऽ' असं आहे. ग आणि रे यांच्याखाली शून्य, अवग्रहाखाली काहीच नाही. त्याची पूर्ण मात्रा धरली तर तीनतालाच्या 16 मात्रा भरतात. दुसऱ्या ओळीत अगदी तशीच जागा आहे, पण तिथे पूर्ण धरली की साडेसोळा होतात, अर्धी धरावी लागते. तबल्याच्या ॲपवर ठाय (संथ) लयीत हाताने टाळी देऊनही मोजून पाहिलं.

यूट्यूबवरची दुसरी गत सुचवू नका, हीच भातखंडे लिपीत उतरवून घ्यायची आहे. खूण नसलेला अवग्रह आधीच्या स्वराइतकाच धरायचा असा काही नियम आहे, की पहिल्या ओळीतली एखादी खूण झेरॉक्समध्ये उडाली असेल?