चावी काढून घेतली की गप्प बसायचं का?

लांबउडी:
सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की ट्रॅफिकवाल्याने हात केला की गपगुमान गाडी साइडला घ्यायची, दोनतीनशे सरकवायचे आणि निघायचं, कायदा शिकवायला गेलात तर तासभर उन्हात उभे राहाल. त्यावर धपाधप अंगठे पडले. मला हे बिलकुल मान्य नाही म्हणून धागा काढतोय, ज्यांना त्याचं पटतं त्यांनी खुशाल मला झोडा.

थांबायचं, लायसन दाखवायचं, नीट बोलायचं, याबद्दल वाद नाहीच. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायदा कलम १३०. माझा आक्षेप त्यानंतर जे होतं त्याला आहे. सिग्नल सुटतो, तुम्ही पहिल्या गिअरमधे असता आणि एक हात थेट हँडलपाशी येतो, चावी खटकन बंद करून खिशात. मग "साहेब तिकडं बसलेत, त्यांच्याशी बोला". साहेब झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात चलनाचं मशीन, पण मशीन लगेच काढायचं नाही, आधी "बोला, काय करायचं?" हे वाक्य. आपला गुन्हा काय ते अजून कुणी सांगितलेलंच नसतं!

पोलिसाने चावी हिसकावून घ्यावी असं त्या कायद्यात एकही कलम नाही. वाहन अडकवून ठेवायचा अधिकार कलम २०७ मधे आहे, पण तो विनालायसन, अल्पवयीन चालक, नोंदणी नसलेली गाडी, परमिटचा भंग अशा ठराविक गोष्टींसाठी. हेल्मेट नाही म्हणून चावी खिशात, हे त्यात बसत नाही. लायसन जप्त केलं तर कलम २०६ प्रमाणे तात्पुरती पावती द्यावी लागते आणि (हेल्मेट, वेग, दारू असे काही गुन्हे सोडले तर) त्या पावतीवर गाडी चालवता येते. किती जणांनी ती पावती मागितलीय आजवर? न मागणारे आणि नोटा सरकवणारे, हेच लोक सिस्टीम नासवतात असं माझं स्पष्ट मत आहे. हुज्जत घातलीच पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा:
+१. आमच्याकडं तर हेल्मेट असलं तरी अडवतात, मग पीयूसी, मग नंबर प्लेटची फॅन्सी अक्षरं, काहीतरी सापडतंच बे. शोधल्यावर कोणाच्या गाडीत सापडणार नाही?

खाकीघरचा:
माझे वडील वाहतूक शाखेत होते, त्यामुळे मी निःपक्ष वगैरे नाही हे आधीच सांगतो. पण धागाकर्त्यांनी चित्र एकाच बाजूने रंगवलंय. चावी का काढतात ते विचारलंत का कधी? कारण न काढली तर पब्लिक पळतं. पळतं म्हणजे नुसतं पळत नाही, अंगावर घालून पळतं. २०२३ मधे नवी मुंबईत एक वाहतूक पोलिस कारच्या बॉनेटवर अडकला आणि चालकाने तशीच गाडी कितीतरी किलोमीटर पळवली. त्याआधी २०१६ मधे मुंबईत खारला विलास शिंदे नावाच्या हवालदारांनी एका विनाहेल्मेट पोराला अडवलं, पोराने भावाला बोलावलं, डोक्यात बांबू घातला, आठवड्याभराने शिंदे गेले. कागद मागितले एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. रोज बारा तास धूर खायला उभं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे असतंच. तुम्ही कलम नंबर पाठ करून येता तेव्हा त्याला तुम्ही कोण, दारू पिऊन आलात की नाही, सीटखाली काय आहे, काही माहीत नसतं.

आणि हुज्जत घातलीच पाहिजे म्हणे! मागे तीनशे गाड्या तुंबल्यात आणि तुम्ही चौकात कलम २०६ वाचून दाखवणार?

लांबउडी:
शिंदेंचं जे झालं ते भयंकरच, त्याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण त्याचा इलाज बॉडी कॅमेरा, जोडीला दुसरा माणूस, बॅरिकेड. चालत्या स्कूटरची चावी काढणं हा इलाज नाही, त्यात मागे बसलेली बाई पडते. जीव पोलिसाचाही आणि तिचाही.

स्कूटीवाली:
मागे बसलेल्या बाईचं सोडा, पुढे बसलेल्या बाईचं मी सांगते. माझा हात हँडलवर आणि अनोळखी माणसाचा हात चावीसाठी माझ्या मनगटावरून जातो, वर "मॅडम घाबरू नका". अरे! मी थांबत होते की. यावर मात्र मी धागाकर्त्याच्या शंभर टक्के बाजूने. बाकी हुज्जतीचं म्हणाल तर मी घालत नाही, मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू करते आणि शांतपणे विचारते, कुठला नियम मोडला आणि चलन मशीनवर काढताय ना. या दोन प्रश्नांनी आवाज आपोआप खाली येतो. कधीकधी "रेकॉर्डिंग बंद करा, गुन्हा दाखल करीन" ऐकावं लागतं. खरंच गुन्हा आहे का हो हा? कुणी वकील आहे का इथे?

काळाकोट:
आहे. सार्वजनिक रस्त्यावर, काम अडवलं जाणार नाही अशा बेताने शूटिंग केलं तर तो आपोआप गुन्हा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मधे वर्ध्याच्या प्रकरणात तर पोलिस ठाण्यात केलेल्या शूटिंगवरचा ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्टचा (सरकारी गुपितांच्या कायद्याचा) गुन्हा रद्द केला, कारण पोलिस ठाणं त्या कायद्यातल्या निषिद्ध जागांत येतच नाही. चौकाचं मग काय सांगायचं.

आता सगळ्यांना भीती असते ती "सरकारी कामात अडथळा" ची. जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३२. यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसता प्रश्न विचारल्याने ते लागत नाही. बंगळूरच्या एका जोडप्यावर ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून ३५३ लावलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मधे ते रद्द केलं. पण (आणि हा पण मोठा आहे) रद्द होईपर्यंत ते जोडपं दीडएक वर्ष फिरलं. कॉलर धरलीत, मशीन हिसकावलंत, हात झटकलात की विषय संपला, ते अजामीनपात्र आहे. महाराष्ट्राने मधे ३५३ ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती, नव्या संहितेत ती परत दोनवर आलीय, तरी दोन वर्षं काय थोडी झाली?

त्यामुळे लांबउडींच्या हक्कांशी सहमत, हुज्जतीशी नाही. भांडायचंय तर कागदावर भांडा. चलन मान्य नसेल तर जागेवर पैसे भरायची सक्ती नाही, ते न भरता मुदतीत आव्हान देता येतं. तडजोड म्हणून दंड भरणं हे कलम २०० खाली तुमच्या मर्जीने होतं. दारू पिऊन चालवल्याचं मात्र जागेवर मिटतच नाही, तिथे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर आलात की कोर्टच. तिथे "साहेब, करा ना काहीतरी" म्हणणारा माणूस स्वतःसाठी दुसरा खड्डा खणत असतो.

जुनाजाणता:
दुसऱ्या खड्ड्याबद्दल जरा सविस्तर लिहा की वकीलसाहेब, सोसायटीच्या ग्रुपवरच्या अंगठेवाल्यांना तेच वाचायची गरज आहे.

काळाकोट:
लिहितो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच. दोनशे रुपये देऊन घरी आलात आणि ग्रुपवर फुशारकी मारलीत तर कागदोपत्री तुम्ही दोघंही एकाच पानावर आलात. तक्रार एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या) १०६४ वर. आणि व्हॉट्सअपवर फिरणारं "हवालदाराला दंड करायचा अधिकारच नाही" हे डोळे झाकून चौकात फेकू नका, कोणत्या हुद्द्याने तडजोड करायची ते राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं, दिल्लीचा व्हिडिओ नाशकात चालत नाही.

टेंपोवाला_मिरज:
तुमी सगळे दुचाकीवाले नायतर गाडी एसी लावून चालवणारे दिसताय. मी छोटा हत्ती चालवतो, द्राक्षं, टोमॅटो, कधी फर्निचर. माझ्याकडनं लायसन, आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी सगळं बघतात, ते बघू द्या की, कागद आहेत माझे. पण मार्केटला चारला माल नाय पोचला तर भाव पडतो. पावती मागून अर्धा तास, कोर्टात जायचं म्हणजे दिवस, त्या दिवसाचं भाडं कोण देणार, तुमचं कलम २०६ देणार का? मी देतो शंभर दोनशे. वाईट वाटतं पण देतो. आणि मला सिस्टीम नासवणारा म्हणायच्या आधी त्या चौकात माल भरलेली गाडी घेऊन उभं राहून बघा.

लांबउडी:
टेंपोवाले भाऊ, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते. आठवड्याची सुट्टी असलेला, हातात दीड लाखाचा फोन असलेला माणूस जेव्हा मिटवून टाकतो तेव्हा मला राग येतो. त्याला वेळ आहे, पैसा आहे, इंग्रजीत मेल लिहिता येतं, तरी तो तोडपाणी करतो आणि मग तोच दर तुमच्यासारख्यांना लागू होतो.

खाकीघरचा:
हे पटलं. पण एक विसरताय, शंभरातले निम्मे तरी "मिटवा ना साहेब" आपण होऊन म्हणतात. वडील सांगायचे, मशीन काढायच्या आधीच पाकीट बाहेर येतं, नाहीतर मामांना फोन लावलेला असतो आणि तो फोन पोलिसाच्या कानाला लावायला पुढे येतो, "बोला, नगरसेवक आहेत". ओळख काढणं ही पण लाचच, फक्त नोटांशिवायची.

वऱ्हाडी_ठेचा:
हाहा, हे खरं आहे राजा. आमच्या इथं अर्ध्या शहराचे मामा नगरसेवक.

स्कूटीवाली:
अजून एक, डिजिलॉकर. गॅलरीतला फोटो दाखवून "डिजिटल चालतं" म्हणू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ही सरकारी अॅप उघडून दाखवा, ते मूळ कागदासारखंच धरतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मधे इलेक्ट्रॉनिक स्वरूप स्पष्ट लिहिलंय. पार्किंगमधून निघायच्या आधी उघडून ठेवा, पुलाखाली रेंज नसते आणि नेमके तिथेच उभे असतात.

टेंपोवाला_मिरज:
बरं मग मला एक सांगा. परवा कागद ओके, काय गुन्हा नाय, तर मशीनवर नंबर टाकून म्हणले मागचे चार चलन पेंडिंग हायत, भरा मग जावा. त्यातलं एक तर असल्या गावचं जिथं मी कधी गाडी नेली नाय, फोटोत नंबर प्लेट पण धड दिसत नाय. भरायलाच लागतं का?

काळाकोट:
तिथेच भरलं पाहिजे असं नाही. कलम २०७ मधे वाहन अडकवायची जी कारणं आहेत त्यात "मागचा दंड थकलाय" हे कारण नाही. तुमचं नसलेलं चलन असेल तर पोलिसांच्या चलन पोर्टलवर तक्रार नोंदवा, फोटोचा स्क्रीनशॉट ठेवा, त्या दिवशीच्या भाड्याची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) किंवा टोलची पावती असेल तर जोडा. कॅमेऱ्यावर काढलेल्या चलनाची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, नियम १६७ अ. शिवाय जुलै २०२५ मधे राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयातून आदेश निघालाय की पोलिसाने खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन चढवायचं नाही. तुमचा तो धूसर फोटो कशावर काढलाय ते जरूर विचारा.

अजून एक मुद्दा, फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते, त्यानंतर मुदत संपते. जुनी चलनं कोर्टात न जाताच मशीनमधे पडून असतात, त्यांच्याबद्दल हा मुद्दा मांडता येतो.

खाकीघरचा:
मांडता येतो, पण गाडी विकायला काढली की पोर्टलवर थकबाकी दिसते आणि घेणारा म्हणतो आधी ती साफ करा. मुदत संपली हे त्याला ऐकवून बघा.

काळाकोट:
हेही खरंय. म्हणून बरेच जण लोकअदालतीची वाट बघतात, तिथे कमी रकमेत निकाली निघतं. मान्य नसलेल्या चलनाला मात्र लोकअदालत नको, तिथे तडजोड म्हणजे तुम्ही ते मान्य केल्यासारखं होतं.

लांबउडी:
खाकीघरचा, शेवटचं विचारतो. पावती, मशीनवरचं चलन, डिजिलॉकर, या सगळ्यावर आपलं जमलं. चावीवर नाही जमलं ना?

खाकीघरचा:
नाही जमलं आणि जमणारही नाही. तुम्ही थांबणारे आहात म्हणून तुम्हाला ते अपमानास्पद वाटतं. ज्याने आधी दोघांना पळताना बघितलंय तो तिसऱ्याची चावी काढणारच, कायद्यात असो नसो. बॉडी कॅमेरे सगळ्यांना द्या, मग मी पण म्हणीन चावीला हात लावू नका.

लांबउडी:
कॅमेरे येईपर्यंत कायदा बाजूला, असंच झालं की हे. मी तरी चावी काढली की पहिलं वाक्य हेच बोलणार, "साहेब, गाडी बंद केलीय, उतरतोय, चावी द्या". आवाज न चढवता. दिली तर ठीक, नाही दिली तर नेमप्लेटवरचं नाव टिपून घेणार आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार.

टेंपोवाला_मिरज:
वकीलसाहेब त्या बिल्टीचं नीट सांगा, माझ्या तारखेची आहे एक, मालकाच्या नावावर. चालंल का?

काळाकोट:
चालेल. गाडी नंबर त्यावर असला पाहिजे, आणि मालकाकडून सहीचं दोन ओळींचं पत्र घ्या की त्या दिवशी गाडी कुठे होती. व्यनि (खासगी निरोप) करतो.