रात्रीच्या पार्किंगचा दंड किती असावा? मसुद्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या पेठेतल्या रहिवाशांतर्फे क्षेत्रीय कार्यालयाला रात्रीच्या पार्किंगबद्दल निवेदन द्यायचं आहे. बाकी सगळं लिहून झालंय, गाडी दंडाच्या रकमेवर अडली आहे.

रात्री गल्लीत दोन्ही बाजूंना चारचाकी लागतात. मधून रिक्षा कशीबशी निघते, अग्निशमनचा बंब शिरणं शक्यच नाही. एक गाडी तर पावसाळ्यापासून कव्हर घालून उभी आहे, टायर बसलेत, खाली कचरा साचलाय, झाडणारी मावशी तेवढी जागा सोडून जाते. दुसरीकडे जुन्या वाड्यांत पार्किंगच नाही. त्या लोकांनी गाडी लावायची कुठे, हा प्रश्न मला खरंच टाळायचा नाही.

नो पार्किंगचा दंड राज्यात पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये आहे. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात चारचाकीला थेट १०,००० पासून दंड लावला होता, पण ओरड झाल्यावर तो कमी करावा लागला. पुण्यात २०१८ च्या पार्किंग धोरणातलं रात्रीचं शुल्कही विरोधामुळे मागे पडलं. म्हणून माझं मत असं, की रक्कम बेताची ठेवावी पण कारवाई रोज व्हावी.

कोणी असं निवेदन दिलंय का? पालिका स्वतः दंड ठरवू शकते की तो अधिकार फक्त वाहतूक पोलिसांचा? रहिवाशांना रात्रीचा परवाना देण्याची मागणी कायद्यात बसेल का? जाणकारांनी कृपया सांगा, मसुदा इथेच टाकते.