पुनरुत्थान, पुनरुज्जीवन की सरळ 'उठणं'?

तलावपाळी: आम्ही ख्रिस्ती. आईला जाऊन वर्ष होतंय, प्रार्थनासभेची पत्रिका करतोय. "पुनरुत्थानाच्या आशेत" असं लिहिलेलं, तर छापणाऱ्या मित्राने ते बदलून "पुनरुज्जीवनाच्या" केलं, म्हणाला आपल्या ठाण्यात तलावांचं करतात तेच ना, लोकांना हाच शब्द माहितीये. बहीण म्हणते "पुन्हा उठेल" लिही. येणारे निम्मे हिंदू आहेत. काय ठेवू?

कोपरीकर: पुनरुज्जीवन अजिबात नको दादा. ते म्हणजे होतं तेच परत चालू करणं. येशूने मेलेल्या लाजरला जिवंत केलं, तो कबरेतून बाहेर आला पण तो पुढे कधीतरी मेलाच की. येशूबद्दल प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात, 6व्या अध्यायात, स्पष्ट म्हणतो की तो आता पुन्हा मरत नाही. दोन्हीला एकच शब्द कसा चालेल?

नेरूळवासी: मान्य, पण उत्थान बोलण्यात आहे कुठे? ईस्टरला आम्ही "प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे" म्हणतो, लहान पोरालाही कळतं. उगाच जड संस्कृत कशाला.

जुनी_वही: जड कसला? उद् आणि स्था, वर उभं राहणं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आनास्तासिस, त्याचा अर्थ पण तोच, आणि त्यातला स्तासिस नि आपला स्था एकाच कुळातले. कार्तिकीला देव उठतात तिला देवोत्थानी एकादशी म्हणतातच ना.

नेरूळवासी: ते झोपेतून उठणं झालं, मेलेल्यातून नाही.

कोपरीकर: नव्या करारात मेलेल्यांना झोपलेलेच म्हटलंय. सिमेट्री शब्दाचं ग्रीक मूळ पण झोपायची जागा असंच आहे.

ऐरोलीची_सिस्टर: शब्द कुठलाही घ्या, पुनर्जन्माशी घोळ व्हायला नको. माझी आई गेली तेव्हा शेजारच्या काकू खूप मायेने म्हणाल्या की कुठेतरी जन्माला आली असेल बघ. मी त्यांना सांगितलं काकू, आमच्यात तीच आई भेटेल, तिच्याच नावाची. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण होते, शिष्यांसमोर त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. म्हणजे देह काही टाकून द्यायची वस्तू नाही. वॉर्डात बेशुद्ध पेशंटचं अंग पुसताना, कूस बदलताना मला हे रोज आठवतं, हे शरीर देवाला हवंय, मग मी ते कसंतरी कसं हाताळू? आणि पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय बघा, सगळा पुनरुत्थानावर, "ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ" त्यातच येतं, पण तो संपतो कशावर तर प्रभूच्या कामात तुमचे श्रम फुकट नाहीत यावर, आणि लगेच 16व्याच्या सुरुवातीला यरुशलेमच्या लोकांसाठी वर्गणी बाजूला काढायच्या सूचना. मरणानंतरचं एवढं बोलून पौल थेट पैशावर आणि मदतीवर येतो. मला तरी पुनरुत्थानाचा अर्थ तिथे सगळ्यात जास्त कळतो.

नेरूळवासी: सुंदर लिहिलंत ताई. पण बघा, हे सगळं तुम्ही साध्या मराठीतच सांगितलंत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू नि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करताना साधी मराठीच धरली होती.

जुनी_वही: आणि फादर स्टीफन्सनी येशूवरच्या 1616च्या ख्रिस्तपुराण या काव्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, त्याचं काय? लोकांच्या कानात बसलेले शब्द घेऊनच त्यांनी ओव्या रचल्या.

नेरूळवासी: वैकुंठ म्हटलं की ऐकणाऱ्यापुढे विष्णू येतो. रमाबाईंना नेमकं तेच टाळायचं होतं.

जुनी_वही: मग "देव" शब्द पण टाळणार का? शब्द वापरून आपले होतात.

तलावपाळी: पत्रिका उद्या छापायला जातेय. मित्राने आईच्या नावाआधी "कै." पण घातलंय, ते आत्ता बघितलं.

कोपरीकर: कै. म्हणजे कैलासवासी, ते आधी काढा. आमच्याकडे ख्रिस्तवासी लिहितात.

नेरूळवासी: ख्रिस्तवासी कुठलं, "प्रभूमध्ये निद्रिस्त" लिहा.

जुनी_वही: निद्रिस्त चालतं आणि पुनरुत्थान जड होतं?