रेडिएशननंतरच्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसतेय – पर्फ्युजन कुठं करावं? बेळगाव, कोल्हापूर की थेट मुंबई-बेंगळुरू?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या आप्पांच्या (वय ५८) मेंदूतली गाठ बेळगावात ऑपरेशन करून काढली. बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर, ग्रेड ४ आला. नंतर सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या झाल्या. त्यानंतर महिन्याभरानं एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की ऑपरेशनच्या जागेभोवतीचा कॉन्ट्रास्ट (स्कॅनआधी शिरेतून देतात ते औषध) घेणारा भाग आधीपेक्षा मोठा आहे, सूजही वाढलीय. गाठ परत वाढतेय की उपचाराचा परिणाम आहे हे यावरून सांगता येत नाही, पर्फ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयच्याच पुढच्या तपासण्या) करून घ्या.

आप्पा तसे ठीक आहेत. जेवतात, गोठ्यापर्यंत चालत जाऊन येतात. उजव्या हातानं शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, पण ते ऑपरेशनच्या आधीपासूनच आहे. रिपोर्ट आल्यापासून घरात मात्र कुणाचं कशात लक्ष नाही. मामा म्हणतात गोळ्या बंद करून गावठी औषध सुरू करूया. काका म्हणतात उद्याच मुंबई गाठा. आमच्या डॉक्टरांनी घाबरू नका म्हणून सांगितलंय, पण ओपीडीच्या गर्दीत सगळं विचारता आलं नाही.

पर्फ्युजन कुठं करावं? त्याऐवजी पेट स्कॅन केलेलं बरं का? बाहेरगावी नेणं खरंच गरजेचं आहे का? खर्चाचंही कुणी सांगितलं तर बरं होईल.

चिकोडीकर
ताई, पहिलं म्हणजे गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हाच. माझ्या थोरल्या भावाला हाच आजार. रेडिएशननंतरच्या पहिल्याच एमआरआयमध्ये त्याचंही मोठं दिसलं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांचे कोर्स चालू ठेवले, दीड-दोन महिन्यांनी परत स्कॅन केला आणि तो भाग आपोआप लहान झालेला होता. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणजे गाठ वाढल्याचा नुसता भास. आप्पांचंही तेच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण एका रिपोर्टवर सगळं संपलं असं धरून बसू नका.

स्कॅनरूम_कोल्हापूर
मी एमआरआय टेक्निशियन आहे, मूळ गाव बेळगाव तालुक्यात. असे पेशंट आमच्याकडं नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टनं पांढरा होणारा भाग म्हणजे गाठच, असं नसतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत जिथं पाझरते तिथं कॉन्ट्रास्ट बाहेर झिरपतं आणि पांढरं दिसतं. गाठीमुळं भिंत पाझरते, तशी रेडिएशननंही पाझरते. बांध पाझरला की खालचं शेत ओलं होतं, ते ओलं दिसलं म्हणून पाऊस पडला असं होत नाही. म्हणून रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या आकारावरून निकाल देत नाहीत. २०१० साली आलेल्या रानो निकषांतच (मेंदूची गाठ वाढली की घटली हे ठरवायचे नियम) हे आहे: रेडिएशन संपल्यापासून १२ आठवड्यांच्या आत गाठ वाढली असं म्हणायचं तर नवीन भाग रेडिएशनच्या पट्ट्याबाहेर दिसायला हवा किंवा तुकडा तपासून सिद्ध व्हायला हवं. २०२३ च्या सुधारित निकषांत तुलनेचा पाया म्हणून रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय धरतात. म्हणजे तुम्ही आत्ता केलेला हा स्कॅन पुढं फार कामाचा आहे. जपून ठेवा.

आता पर्फ्युजन. त्या भागात रक्त किती खेळतं ते यात मोजतात. जिवंत, वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्यामुळं तिथं रक्ताचं प्रमाण जास्त येतं. रेडिएशननं जळालेल्या भागात ते कमी येतं. स्पेक्ट्रोस्कोपीत रसायनं बघतात: कोलीन (पेशींची वाढ दाखवणारं) चढलेलं आणि एनएए (निरोगी मेंदूपेशींतलं) उतरलेलं असेल तर गाठीकडं संशय जातो. डिफ्युजनही त्याच वेळी होतं, त्यात पेशींची दाटी कळते. यातलं एकटं कुठलंच शंभर टक्के खरं सांगत नाही, सगळं एकत्र ठेवून वाचायचं असतं. ऑपरेशनच्या जागी जुनं रक्त साकळलेलं असेल, क्लिप असेल किंवा गाठ कवटीच्या तळाजवळ असेल तर पर्फ्युजनचं चित्र बिघडतं, हेही लक्षात घ्या.

सेंटर निवडताना फोनवर विचारा: "मेंदूच्या गाठीसाठी डीएससी पर्फ्युजन करता का? प्रेशर इंजेक्टर आहे का? रिपोर्ट न्यूरो बघणारे रेडिओलॉजिस्ट देतात का?" डीएससी म्हणजे कॉन्ट्रास्ट वेगानं सोडून करायचं पर्फ्युजन, आणि तो वेग देणारं यंत्र म्हणजे प्रेशर इंजेक्टर. नुसतं एमआरआय आहे का विचारलं तर सगळेच हो म्हणतात. बेळगावात नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलात आधी चौकशी करा. कोल्हापूरच्या मोठ्या सेंटरांतही हेच विचारा. आणि जिथं कराल तिथंच पुढचे सगळे स्कॅन करा. मशीन बदललं की तुलनेत घोळ होतो.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पर्फ्युजनला कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४-५ मिली इतक्या वेगानं सोडावं लागतं. त्यासाठी कोपराजवळच्या चांगल्या शिरेत जाड कॅन्युला (सलाइनची नळी) लागते. इतकं औषध-पाणी झालेल्या पेशंटच्या शिरा सापडत नाहीत, मग हाताच्या मागं बारीक सुई लावतात, वेग कमी पडतो आणि स्कॅन वाया जातो. आप्पांना आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पाजा, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर. गेल्या गेल्या स्टाफला सांगा की पर्फ्युजन आहे, शीर नीट बघा. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत असू दे.

निपाणीकर_दादा
खर्चाचं मी सांगतो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं. मोठ्या उपचारांना सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं, तुमच्यासाठी ते बिम्स, म्हणजे बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटल. स्कॅनच्या आधीच विचारून ठेवा, मागाहून बिलं घेऊन फिरण्यात अर्थ नाही. दुसरं, महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतलाय. तुमचं गाव त्यात आहे का बघा आणि कोल्हापूरला हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा.

मुंबईला जायची वेळ आलीच तर रेल्वेची सवलत घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. सर्टिफिकेटवर हॉस्पिटलचा शिक्का लागतो.

हळदीची_ओटी
ताई, मी बेंगळुरूला रेडिओलॉजीचं शिक्षण घेतेय, माहेर बेळगाव. पेटबद्दल सांगते.

साधं पेट, म्हणजे एफडीजी, साखरेवर चालतं. मेंदू मुळातच इतकी साखर खातो की सगळंच उजळतं, त्यात गाठ वेगळी ओळखणं अवघड जातं. म्हणून 'पेट करून टाका' असं कुणी म्हटलं तर कुठलं पेट ते विचारा. मेंदूच्या गाठीसाठी अमिनो ॲसिडवालं पेट जास्त उपयोगी, त्यात एफईटी, एफडोपा, मेथिओनिन येतात. मेथिओनिनमधला कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळं तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जागेवरच लागतं. एफईटी-एफडोपातला फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळं तो काही तासांच्या अंतरावरून मागवता येतो, फार लांबून नाही. म्हणून हे पेट बहुतेक मोठ्या शहरांतच होतात.

माझं मत विचाराल तर आधी पर्फ्युजन जवळच करा. त्यातही कोडं सुटलं नाही आणि उपचार बदलायचा प्रश्न आला, तरच मुंबईला टाटा (कॅन्सरचं हॉस्पिटल) किंवा बेंगळुरूला निम्हान्स (मेंदूच्या आजारांची सरकारी संस्था). तेही आधी सीडी पाठवून किंवा नातेवाइकानं फाइल नेऊन दाखवून, मग पेशंट. आजारी माणसाला पाचशे किलोमीटर उगाच का न्यायचं? फिल्मच्या पिशव्या नकोत, डायकॉम सीडी (स्कॅनच्या मूळ फाइलींची) न्या. ऑपरेशनच्या आधीचा, ऑपरेशननंतर लगेचचा आणि आत्ताचा, सगळे स्कॅन. रेडिएशन कुठल्या भागाला दिलं त्याचा प्लॅनही रेडिएशन विभागातून मागून घ्या.

मलप्रभाकाठ
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना चिकोडीकरांचं वाचून दाखवलं, गोळ्या बंद करायचा विषय मिटला. केएलईत उद्या चौकशी करते. अजून दोन शंका. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'एमजीएमटी मिथायलेटेड' असं लिहिलंय, याचा इथं संबंध आहे का? आणि आप्पांची डेक्साची (सुजेवरची स्टेरॉइड) गोळी मागच्या आठवड्यात कमी केलीय, त्यानं फरक पडतो का?

हळदीची_ओटी
दोन्हींचा संबंध आहे, ताई. एमजीएमटी हे गाठीतलं एक जनुक, ते मिथायलेटेड म्हणजे बंद पडलेलं असतं. असं असणाऱ्यांना टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं आणि स्यूडोप्रोग्रेशनही त्यांच्यातच जास्त दिसतं. म्हणजे आप्पांच्या बाबतीत थांबून बघायला आणखी एक कारण आहे. तो रिपोर्ट रेडिओलॉजिस्टच्या हातात पडलाच पाहिजे.

डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन, सूज आणि पाझर दोन्ही दाबतं. डोस वाढवला की स्कॅन चांगला दिसतो, कमी केला की वाईट, आणि गाठ मात्र तेवढीच असते. म्हणून प्रत्येक स्कॅनच्या दिवशीचा डोस कागदावर लिहून द्या. ती गोळी एकदम बंद करायची नाही, तेवढं सांभाळा. पुढं कधी बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं इंजेक्शन) सुरू झालं तर स्यूडोप्रोग्रेशनच्या उलट होतं: पांढरा भाग झटकन कमी होतो पण गाठ आत असू शकते. तेव्हा फ्लेअरची (कॉन्ट्रास्टशिवाय सूज आणि गाठीचा पसारा दाखवणारी एमआरआयची) चित्रं बघायला सांगायचं.

स्कॅनरूम_कोल्हापूर
पर्फ्युजनही संदिग्ध आलं तर डॉक्टर बहुधा चार ते आठ आठवड्यांनी परत स्कॅन सांगतील. मधल्या काळात उलट्यांसकट जोराची डोकेदुखी, गुंगी, नवीन फिट किंवा हातापायातली ताकद अचानक कमी होणं, यातलं काही झालं तर स्कॅनच्या तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या. उद्या केएलईत काय म्हणाले ते इथं टाका. प्रिस्क्रिप्शनवर स्कॅनचं नाव काय लिहिलंय तेही टाका, सेंटरला नेमकं काय सांगायचं ते मी लिहून देतो.