तीस वर्षं कॉलेजचा व्हॉलीबॉल सांभाळणारे सर यशस्वी कोच म्हणायचे की नाही?

वावरातला लिफ्टर
आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सर 1994 ला तिथे शारीरिक शिक्षण संचालक म्हणून लागले, 2024 ला निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात संस्थेचे एक पदाधिकारी बोलून गेले, "माणूस देवासारखा, पण तीस वर्षांत एक राष्ट्रीय खेळाडू निघाला नाही." सर खाली मान घालून बसले होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

त्याच आठवड्यात रस रोझ यांच्याबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे ते 1979 ते 2021 असे 43 हंगाम कोच होते. 1330 सामने जिंकले, राष्ट्रीय विजेतेपद 7 वेळा, आणि मध्ये एकदा सलग 109 सामने हरलेच नाहीत. त्यापुढे आमच्या सरांच्या नावावर विद्यापीठाची दोन उपविजेतेपदं आणि हाताच्या बोटांवर मोजावे इतके कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवडलेले खेळाडू. एवढंच.

पण मैदान काय होतं ते ऐका. काळी माती. पावसाळाभर चिखल, दसऱ्यानंतर भेगा. सरांनी पदरचे पैसे घालून दोन ट्रॉल्या मुरूम आणला, आम्ही पोट्ट्यांनी तो पसरला. रोज चार वाजता सर स्वतः बादलीने पाणी शिंपडायचे आणि फक्की मारायचे. आंतरमहाविद्यालयीन सामने आणि कापसाची वेचणी एकाच वेळी यायची. माझा बाप म्हणाला, "पोरगं खेळाले गेलं तं वेचन कोन?" सर रविवारी सकाळी आमच्या वावरात आले, कमरेला ओटी बांधली आणि दुपारपर्यंत कापूस वेचला. बापाने मग अडवलं नाही.

आम्ही सगळे शूटिंग व्हॉलीबॉलवाले. गावोगावी रात्री लाइट लावून शूटिंगचे सामने होतात, दोन्ही हात जुळवून बॉल ठोकायचा. ती सवय मोडून बोटांवर बॉल घ्यायला शिकवणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावण्यासारखं. मला लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, करायला सरांनी पहिले चार महिने फक्त भिंतीवर बॉल खेळायला लावला.

आणि त्यांची ती दोनशे पानी वही. मी 1998 ला कॉलेजला लागलो तेव्हा आपली सर्व्हिस असली तरच पॉइंट मिळायचा, सेट 15 चा. माझं तिसरं वर्ष येईपर्यंत प्रत्येक रॅलीला पॉइंट, सेट 25 चा. आधी सर्व्हिस नेटमध्ये गेली तर नुसती सर्व्हिस जायची, आता पॉइंटही जायला लागला. सर म्हणायचे, "सर्व्हिस वाया घालवणं म्हनजे दुसऱ्याच्या वावरात पेरनं." तेव्हापासून प्रत्येकाच्या नावाचं पान. रिसीव्ह, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस उचललेला बॉल, थेट लिफ्टरच्या हातात आला तर 3, लिफ्टरला धावावं लागलं तर 2, कसाबसा वर राहिला तर 1, मेला तर 0. रस रोझही बेंचवर बसून स्वतःच आकडे लिहायचे, हे वाचलं तेव्हा मला आमचे सरच दिसले.

माझ्या वेळच्या बारा जणांपैकी सात जण आज पोलीस, एसआरपीएफ आणि वनखात्यात आहेत. माझ्या मते सर यशस्वी कोच होते. तुम्ही बोला.

दिग्रसकर
भाऊ, सर थोर आहेत, त्यात वाद नाही. पण तुम्ही सगळं सांगितलं ते चांगल्या माणसाचं. प्रश्न कोचचा आहे. कोचचं काम खेळाडूला खेळात वर चढवणं. तुमचे सात जण भरती झाले याचा आनंद आहे, पण भरतीत मार्क पळण्याचे आणि गोळाफेकीचे असतात, रिसीव्हचे नाही. मग गावातला भरतीचा क्लासवालाही यशस्वी कोच म्हणायचा का?

आणि खेड्याचं कारण नेहमी पुढे करू नका. भारताचा व्हॉलीबॉलपटू जिम्मी जॉर्ज केरळच्या पेरावूरसारख्या लहान गावातला. तिथून तो इटलीत खेळायला गेला, 1986 च्या सोल एशियाडला भारताला कांस्य मिळालं त्या संघात होता. माती तिथेही होतीच.

वावरातला लिफ्टर
दिग्रसकर भाऊ, जिम्मी जॉर्जचंच नाव घेतलं ते बरं केलं. तो केरळ पोलीसमध्ये होता आणि त्या खात्याच्या संघाकडून खेळायचा. तिथे नोकरी म्हणजे खेळाची पुढची पायरी होती. आमच्याकडे नोकरी लागली की खेळ संपतो, कारण पुढे पोरगं खेळेल असा संघच जवळ नाही. सर पायरीपर्यंत आणून सोडत होते. पुढची पायरी बांधणं एकट्या मास्तराचं काम आहे का?

तासिकेवरचा
मी सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतो, कोणतं ते सांगत नाही. एक गोष्ट या चर्चेत कोणी बोललं नाही. आपल्या संलग्नित कॉलेजात "व्हॉलीबॉल कोच" असं पदच नसतं. संचालक एकच. त्यानेच कबड्डी, खो-खो, मैदानी, बुद्धिबळ, क्रॉसकंट्री सगळं बघायचं. वर प्रवेश समिती, परीक्षेचं काम, 15 ऑगस्टची परेड. संघ अमरावतीला न्यायचा तर प्रवासभत्त्याच्या कागदावर तीन सह्या.

तिकडे पेन स्टेटसारख्या ठिकाणी मुलींच्या संघाला कित्येक वर्षं 12 पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. कोच देशभर फिरून शाळेतल्या मुली हेरून आणतो, हाताखाली पगारी सहायक असतात. 30 ऑगस्ट 2023 ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये झाला, 92,003 लोक आले. अशा ठिकाणचं करिअर आणि आपल्याकडच्या संचालकाची नोकरी एकाच तराजूत टाकू नका. सरांना आहे त्या पोरांतूनच संघ करायचा होता. उंच पोरगं मिळालं तर नशीब.

पुसदवाला
पोरं "आणण्यावरून" बोलतो. आपल्याकडेही काही कॉलेजं बाहेरची तयार पोरं ऐन हंगामात प्रवेश देऊन उभी करतात. वर्गात ती दिसत नाहीत, सामन्याला दिसतात. करंडक येतो, पेपरात फोटो येतो, कोचचा सत्कार होतो. मी अशाच एका संघात राखीव होतो. तीन वर्षं बॉल उचलले. आमच्या नावावर विजेतेपद आहे आणि मला आजही नीट ब्लॉक करता येत नाही. त्या पदाधिकाऱ्यांना विचारा, असं यश पाहिजे होतं का?

दिग्रसकर
पुसदवाले, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण तेही एकमेव चित्र नाही. आमच्या संघात बाहेरचा एक हिटर होता. त्याचा स्मॅश रोज झेलून झेलून आमचा रिसीव्ह सुधारला. आपल्याच पोरांत खेळत राहिलं की पाणी साचतं. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. तिथे खेळच शिकायला आलेल्या पोरांशी गाठ पडते तेव्हा तुमची मुरमावरची मेहनत दुसऱ्या सेटपर्यंत टिकते, पुढे नाही. सरांनी तिकडचे दोन खेळाडू सुटीत सरावाला तरी बोलावले असते. त्याला पैसे लागत नाहीत.

सात नंबर
मी याच कॉलेजची, 2005 ते 2008. इतका वेळ वाचते आहे. वावर, वही, पोट्टे, भरती सगळं आलं. मुलींचा संघ कोणाच्याच तोंडी आला नाही.

आमच्या मैदानाच्या लोखंडी खांबांना हूक एकाच उंचीवर वेल्डिंग केलेला होता, पुरुषांच्या 2.43 मीटरवर. मुलींचं नेट 2.24 वर असतं. हा 19 सेंटिमीटरचा फरक कागदावर लहान दिसतो. आम्ही वर्षभर उंच नेटवर बॉल वरून काढायची सवय लावायचो आणि सामन्यात खरं नेट समोर आलं की स्मॅश सरळ मागच्या रेषेबाहेर. सवयीने मनगट वळायचंच नाही. पहिल्या फेरीत हरून परत.

आणि मैदान साडेचारपासून मुलांचं. माझ्या गावची शेवटची एसटी साडेपाचला. मुलींचा सराव मुलांचा संपल्यावर, म्हणजे अंधार पडता पडता. हॉस्टेलच्या आणि गावातल्या मुली थांबायच्या, खेड्यावरच्या आम्ही बॅग उचलून स्टँडवर पळायचो. सर चांगले होते, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. पण निम्मं कॉलेज मुलींचं असताना तीस वर्षांचा हिशेब फक्त मुलांवरून लावणार असाल तर मला ते यश मान्य नाही. लिफ्टर भाऊ, तुमच्या सात नोकऱ्यांत मुलगी किती?

तासिकेवरचा
ताई, दोन वेळा सराव घ्यायला माणूस एकच...

सात नंबर
माणूस एक होता हे मला कळतं, भाऊ. पण वेळ बदलायला दुसरा माणूस लागत नव्हता. एक दिवस आड मुली आधी, मुलं नंतर. मुलांना साडेपाचची एसटी चुकली तरी ते कोणाच्या ट्रकवर बसून जायचे.

वावरातला लिफ्टर
ताई, सातात मुलगी एकही नाही, कारण मी फक्त माझ्या संघाचं मोजलं. दुसरं काही मोजायचं मनातच आलं नाही. उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण काल सरांकडे जाऊन आलो. तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरा हूक मारायले वेल्डिंगवाल्याचे दोनशे रुपये लागले असते. मी मुरमाले पैसे घातले, हुकाले नाही घातले. पोरगी खरं बोलते."

त्यांनी लोखंडी पेटी उघडून वह्या दाखवल्या. अकरा वह्या आहेत. मुलींची पानंही आहेत, मागच्या बाजूने सुरू केलेली. माझं मत मी बदलत नाही, सर माझ्यासाठी यशस्वी कोचच. पण निरोपाच्या दिवशी त्या पदाधिकाऱ्यांनी काढायचा होता तो हिशेब तुमचा होता, राष्ट्रीय खेळाडूचा नव्हता.

दिग्रसकर
हे मात्र मानतो. बाकी माझं म्हणणं तेच आहे.

सात नंबर
सर तसं म्हणाले, हे वाचून रडू आलं. त्यांना नमस्कार सांगा. 2006 च्या वहीत जर्सी नंबर 7 चं पान असेल. रिसीव्हचे आकडे तेवढे कळवा, मला वाटतं माझे 3 बरेच असतील. आणि कॉलेजच्या बाजूने गेलात तर खांब बघून या, दुसरा हूक आता तरी लागला का.