दाढ काढायची म्हणून गोळ्या बंद?

वर एकांनी विचारलंय, वडिलांना स्टेंट टाकून ४ महिने झाले, काही त्रास नाही, मग रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल का? परस्पर बंद करू नका हो.

आमच्या बाबांनी हेच केलं होतं. दाढ काढायची होती, शेजारचे काका म्हणाले "रक्त थांबणार नाही", झालं! आठ दिवस रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या बंद. आईला कळलं ते डब्यातली स्ट्रिप जशीच्या तशी दिसली म्हणून. नशिबाने निभावलं, पण डॉक्टरांनी असं झापलं की विचारू नका. आणि दाढ? नंतर गोळ्या चालू ठेवूनच काढली, थोडा जास्त वेळ बोळा दाबून धरावा लागला इतकंच.

स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर त्या उघड्या तारांवर गुठळी धरली तर थेट अटॅकच. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी देतात. अटॅक येऊन गेला असेल तर साधारण १२ महिने. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते आणि बाबा रात्रीची हमखास विसरायचे. आता ती वाटीत घालून ताटाशेजारीच ठेवतो. टिकाग्रेलोरने काहींना दम लागल्यासारखं होतं. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, बदलून देऊ शकतात.

आणि कोलेस्टेरॉलची गोळी "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून सोडणारे आमच्याच घरात दोन आहेत. अरे, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय!